गेमच्या नोकरीसाठी नमुने पाठविताना

आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही मंडळी म्हणतील की, व्हिडिओ गेमच्या कंपनीत नोकरी मागणाऱ्या चित्रकारांच्या चुकांशी आम्हा शेतकऱ्यांचा आणि मास्तरांचा काय संबंध? प्रश्न वाजवी आहे, म्हणून त्याचेच उत्तर आधी देतो. आज गावोगावी मुलांच्या हाती मोबाइल आहे आणि त्या मोबाइलवर गेम आहेत. जो मुलगा वहीच्या मागच्या पानावर घोडे आणि योद्धे काढीत बसतो, त्याला केव्हातरी कळते की, हे गेम कोणीतरी घडवितो आणि त्यातली चित्रे काढण्याचा पगार मिळतो. मग तो शहरातल्या एखाद्या ॲनिमेशनच्या वर्गाला नाव घालतो. बाप पोटाला चिमटा घेऊन फी भरतो, कधी गोठ्यातली म्हैस विकतो. वर्ष-दोन वर्षे जातात. मुलगा आपली कामे गोळा करून दहा-वीस कंपन्यांना पाठवितो आणि एकाही ठिकाणाहून उत्तर येत नाही. होकार नाहीच, पण नकारही नाही. या शांततेचा अर्थ घरात एकच लावला जातो: पोराच्या अंगात कला नाही, पैसे पाण्यात गेले.

हा अर्थ पुष्कळदा खरा नसतो. मुलाच्या अंगी कला असते, त्याने मेहनतही केलेली असते, पण ती दाखविण्यात तो चुकतो. ही चूक सुधारण्यास नवा कोर्स लागत नाही की नवा संगणक लागत नाही. थोडी समज लागते. ती समज गावातल्या मुलालाही यावी, एवढ्यासाठीच हा विषय.

प्रथम हे काम असते तरी कसे, ते पाहू. गेम म्हणजे हलती चित्रेच, पण सिनेमाहून त्यात एक मोठा फरक आहे. सिनेमातले चित्र आधी तयार असते, पडद्यावर ते नुसते दाखवायचे असते. गेममध्ये खेळणारा डावीकडे वळला की, त्या क्षणी डावीकडचे दृश्य यंत्राला नव्याने काढावे लागते. एका सेकंदात अशी ३० आणि पुष्कळदा ६० चित्रे काढावी लागतात. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सेकंदाचा साठावा भाग! त्यामुळे गेमसाठी केलेली वस्तू नुसती देखणी असून भागत नाही. ती यंत्राला पेलावी लागते. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे तो कामास येणार आहे.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. नाटक मंडळीत पडदे रंगविणारा निराळा, रंगभूषा करणारा निराळा आणि पेटी वाजविणारा निराळा. गेमच्या मोठ्या कंपनीतही तसेच असते. गेममधले जग कसे दिसावे याची आधी रेखाटने करतो तो कन्सेप्ट आर्टिस्ट. माणसे आणि प्राणी घडवितो तो कॅरॅक्टर आर्टिस्ट. घरे, रस्ते, डोंगर, झाडे उभारतो तो एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट. हंडे, पेट्या, गाड्या अशा सुट्या वस्तू करणाराला प्रॉप आर्टिस्ट म्हणतात. या साऱ्यांना हालचाल देतो तो ॲनिमेटर. आग, धूर, पाऊस करणारा वेगळा आणि पडद्यावरची बटणे व अक्षरे आखणारा आणखी वेगळा.

हा धंदा आपल्या देशात अगदी कालचा नाही. बेंगळुरूची ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही आपल्याकडच्या सुरुवातीच्या गेम कंपन्यांपैकी एक. ती १९९७ साली निघाली आणि २०१९ साली रॉकस्टार गेम्स या परदेशी कंपनीने ती विकत घेतली. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ साली पुण्यात आणि २०१८ साली मुंबईत आपली शाखा उघडली. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीने केलेला ‘राजी’ हा गेम २०२० साली जगापुढे आला. तेव्हा नोकरीची दारे आपल्या प्रांतातही आहेत.

आता मुख्य विषय. अशी नोकरी मागताना प्रमाणपत्राहून मोठा मान असतो तो पोर्टफोलिओला. पोर्टफोलिओ म्हणजे आपल्या कामाची नमुनावही. पूर्वी ती खरोखरीची वही किंवा पुठ्ठ्याची पिशवी असे. हल्ली ती इंटरनेटवर असते आणि आर्टस्टेशनसारख्या संकेतस्थळावर ती मांडून तिचा पत्ता अर्जासोबत द्यावयाचा असतो.

या नमुनावहीविषयी एक गोष्ट पटली की, निम्म्या चुका आपोआप टळतात. आपण आजवर केलेल्या कामांचा साठा आपल्यासाठी असतो. त्यात आठवणी असतात, प्रगती असते, रात्रीची जागरणे असतात. नमुनावही मात्र दुसऱ्यासाठी असते. ती पाहणाराच्या मनात एकच प्रश्न असतो: “आमच्याकडे पडलेले हे विशिष्ट काम हा माणूस उद्यापासून करू शकेल काय?” नमुनावहीने या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे असते. बहुतेक चुका होतात त्या हा प्रश्न विसरल्यामुळे.

पाहणारा कोण, हेही समजून घ्या. तो बहुधा त्या कंपनीतला अनुभवी चित्रकार असतो. त्याच्या डोक्यावर स्वतःचे काम असते आणि त्यातून वेळ काढून तो अर्ज पाहतो. एकेका जागेला कधी शेकडो अर्ज असतात. पहिल्या नजरेला मिनिटभर मिळाले तरी पुष्कळ. त्या मिनिटात मन गुंतले, तर तो थांबतो आणि बारकाईने पाहतो. नाही गुंतले, तर पुढचा अर्ज उघडतो. यात दुष्टपणा काही नाही. बाजारात ज्वारी घेताना आपणही पोते रिकामे करून पाहत नाही. मूठभर दाणे तळहातावर घेतो आणि भाव ठरवितो.

याच ज्वारीवरून पहिली चूक कळेल. ती म्हणजे सगळे काही भरणे. मुलाला वाटते, तीस चित्रे टाकली तर तो मेहनती दिसेल. त्या तिसांत पाच उत्तम असतात, दहा बरी असतात आणि उरलेली पहिल्या वर्षाच्या स्वाध्यायातली असतात. मुठीत दोन किडके दाणे आले की, साऱ्या पोत्याचा भाव उतरतो. पाहणारा असा विचार करतो की, हे वाईट चित्र याला वाईट दिसले नाही, म्हणजे याची नजर अजून तयार झालेली नाही. आणि चांगले चित्र एखाद्या वेळी योगायोगानेही जमले असेल. म्हणून पाच-सहाच कामे ठेवावी, पण ती अशी असावी की, कोणतेही आधी उघडले तरी मान खाली घालावी लागू नये. सर्वांत उत्तम असेल ते अगदी आरंभी ठेवावे. चांगले शेवटासाठी राखून ठेवण्याची पद्धत कीर्तनात शोभते. येथे शेवटापर्यंत कोणी थांबत नाही.

दुसरी चूक आपल्या जुन्या म्हणीतच आहे: एक ना धड, भाराभर चिंध्या. एक व्यक्तिचित्र, एक मोटार, थोडे ॲनिमेशन, एका दुकानाचे बोधचिन्ह, मित्राच्या लग्नाचे फोटो आणि वर मेंदीची नक्षी! यातून मुलगा हौशी आहे एवढे कळते. त्याला कोणत्या टेबलाशी बसवावे, ते कळत नाही. मोठी कंपनी जाहिरात देते तीच मुळी एका कामाची. एन्व्हायर्नमेंट आर्टिस्टची जागा असेल, तर वहीत घरे, वाटा, भिंती, झाडे हवीत. छोट्या मंडळीत मात्र चार माणसे दहा माणसांचे काम ओढीत असतात. तिथे दोन-तीन कामे येणारा माणूस हवासा वाटतो. परंतु तेथेही त्या दोन-तीन कामांत हात बसलेला असावा लागतो. अंगी इतर कला असतील, तर त्यांची वही वेगळी करावी.

तिसरी चूक, कंपनी न पाहताच अर्ज करणे. एखादी कंपनी लहान मुलांसाठी गोबऱ्या गालांची, भडक रंगांची पात्रे करते. तिला रक्ताने माखलेले राक्षस पाठविले, तर त्यात कौशल्य असूनही उपयोग काय? दुसरी कंपनी हुबेहूब मोटारींच्या शर्यती करते. तिला परीकथेतली झाडे पाठवून चालणार नाही. लग्नाच्या बस्त्याला निघालेल्या गिऱ्हाईकापुढे कोणी घोंगड्या उलगडीत नाही. अर्ज करण्यापूर्वी त्या कंपनीचे दोन-तीन गेम पाहावे, शक्य तर खेळावे, आणि आपल्या वहीतले एक तरी काम त्या वळणाचे व त्या तोडीचे आहे ना, ते ताडून पाहावे. नसेल, तर आधी तसे एक करावे आणि मगच अर्ज करावा. वीस ठिकाणी एकच अर्ज फेकण्यापेक्षा तीन ठिकाणी जुळता अर्ज करणे केव्हाही शहाणपणाचे.

चौथी चूक जरा तांत्रिक आहे, पण तिच्यात गेमच्या धंद्याचे मर्म आहे. संगणकात एखादी मूर्ती घडविली की, तिचा पृष्ठभाग लहान लहान त्रिकोणांचा बनलेला असतो. त्रिकोण जितके जास्त, तितका बारकावा जास्त; पण यंत्रावर भारही तितकाच जास्त. कोरीवकाम करताना चित्रकार लाखो त्रिकोण वापरतो. मोबाइलवरच्या गेममध्ये मात्र तीच आकृती पुष्कळदा काही हजार त्रिकोणांत बसवावी लागते. मग बारकावा जातो कोठे? तो एका खास चित्रात साठवितात. त्याला नॉर्मल मॅप म्हणतात. पृष्ठभागाच्या कोणत्या बिंदूवर प्रकाश कोणत्या दिशेने उजळावा, याची नोंद त्या चित्रात असते. सपाट पडद्यावर रंगाच्या छटांनी खांबाचा उठाव दाखविणारा रंगारी आपण पाहिला असेल. त्यातलाच हा प्रकार, फक्त येथे दिवा हलला की छटाही बदलते.

त्यात आणखी एक पायरी असते. सपाट रंगचित्र गोल आकृतीवर चढवायचे, तर आकृती आधी उलगडून सपाट करावी लागते. खडूचा खोका सर्व बाजूंनी उघडून टेबलावर पसरावा तसे. किंवा शिंपी सदरा बेततो तसे म्हणा: अंग गोल, कापड सपाट, बेत चुकला की काखेत चुण्या पडणार आणि कापडही वाया जाणार.

आता चूक अशी होते की, मुलगा वहीत फक्त शेवटचे झगझगीत चित्र ठेवतो. अंधारी पार्श्वभूमी, मागून निळा उजेड, समोर वीर. पाहणाराला त्या वीराच्या अंगाखालची जाळी पाहायची असते. किती त्रिकोण खर्च केले, कोपर आणि गुडघा वाकेल तेथे त्यांची रचना कशी आहे, रंगचित्र किती मापाचे आहे, बेत कसा केला आहे, आणि ही आकृती अनरियल किंवा युनिटी यांसारख्या गेम इंजिनात खरोखर उभी राहते काय, हे त्याला हवे असते. ते दिसले नाही, तर तो असे धरतो की, हे जमत नसावे. म्हणून प्रत्येक कामाखाली दोन-तीन साधी चित्रे द्यावी: एक जाळीचे, एक उलगडलेल्या रंगचित्राचे, एक स्वच्छ उजेडातले. शेजारी त्रिकोणांचा आकडा लिहावा. कन्सेप्ट आर्टिस्टने पक्क्या चित्रासोबत आधीची चार-सहा कच्ची रेखाटने ठेवावी. पक्के चित्र हात दाखविते, कच्ची रेखाटने विचार दाखवितात.

पाचवी चूक विषय निवडण्यातली. ज्याला त्याला नायकच करायचा असतो. परदेशी चिलखतातला सरदार, पंख असलेला सर्प, किंवा गाजलेल्या गेममधलेच एखादे पात्र पुन्हा काढलेले. पाहणाराने असे सरदार त्याच आठवड्यात वीस पाहिलेले असतात. आणि कंपनीत नव्या माणसाच्या वाट्याला नायक बहुधा येतही नाही. येतात दारे, पिंपे, कुंपणे, पायऱ्या, दगड. तेव्हा एखादी साधी वस्तू मन लावून केलेली दिसली, तर पाहणाराचा विश्वास बसतो.

येथे गावच्या मुलाजवळ एक भांडवल आहे आणि नेमके तेच तो लपवितो. एक बैलगाडी घ्या. तुंबा, आरे, चाकावर चढविलेली लोखंडी धाव, साटी, जू. धाव जमिनीला घासून कोठे चकाकते, गाडीवान बसतो तेथील लाकूड कसे गुळगुळीत होते, चिखल चाकावर कोठवर चढतो आणि वाळल्यावर कसा भेगाळतो, हे ज्याने रोज पाहिले, तो ती वस्तू अशी करील की, पाहणाराला ती वापरातली वाटेल. वस्तू कोठे झिजते हे ठाऊक असणे, हीच या धंद्यात नजरेची परीक्षा आहे. परदेशी चिलखत कोठे झिजते हे त्याने कधी पाहिलेले नसते, म्हणून त्याच्या ओरखड्यांत खरेपणा येत नाही. मघाशी ज्या ‘राजी’ गेमचे नाव घेतले, त्यात राजस्थानी धर्तीच्या इमारती आहेत, पहाडी चित्रशैलीची रंगसंगती आहे आणि कथेचा काही भाग सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितला आहे. आपल्या भोवतालचे काढले तर जग हसेल, ही भीती व्यर्थ आहे. मात्र बैलगाडी आपली आहे एवढ्यावर भागत नाही. तिची जाळी आणि तिचा बेतही तितकाच चोख हवा.

सहावी चूक सॉफ्टवेअरच्या नावांना भुलण्याची. अर्जात यादी असते: माया, झेडब्रश, फोटोशॉप, सबस्टन्स पेंटर. पुढे टक्केही लिहिलेले असतात: ‘फोटोशॉप ९० टक्के’. हे टक्के कोणी मोजले? आणि उरलेले दहा कोणते? सुताराने पटाशीचा छाप सांगून गिऱ्हाईक मिळत नाही. तो केलेली खुर्ची दाखवितो. पालकांनीही हे लक्षात घ्यावे, कारण भारी फीचे समर्थन पुष्कळदा या नावांवरच केले जाते. ब्लेंडर हे त्रिमिती कामाचे सॉफ्टवेअर २००२ सालापासून सर्वांना खुले आणि फुकट आहे. ‘फ्लो’ नावाचा लॅटव्हियातला ॲनिमेशनपट त्याच ब्लेंडरमध्ये केला गेला आणि २०२५ साली त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. हत्यार फुकटचे असले तरी चालते. ते चालविणाऱ्या हाताला शरीररचना, यथार्थदर्शन, छायाप्रकाश आणि रंग यांची समज हवी. ती नसली, तर कोणतेही महाग सॉफ्टवेअर ती उणीव झाकीत नाही.

सातवी चूक प्रामाणिकपणाची आहे आणि तिला क्षमा नाही. वर्गातल्या पाच मुलांनी मिळून एक देखावा केला आणि पाचही जणांनी तो आपल्या वहीत ‘माझे काम’ म्हणून लावला. पाचही अर्ज एकाच टेबलावर येतात, तेव्हा काय होत असेल? सामुदायिक काम जरूर ठेवावे, पण खाली स्पष्ट लिहावे: “घर आणि विहीर मी केली, झाडे व उजेड सहकाऱ्यांचा.” तीच गोष्ट इंटरनेटवरचा धडा पाहून पायरीपायरीने केलेल्या कामाची. तो धडा पाहणारानेही पाहिलेला असतो. अलीकडे संगणकाला चार वाक्ये सांगून आयते चित्र मिळविता येते. ते स्वतः काढले म्हणून पुढे करणे ही फसवणूक आहे. मुलाखतीत “याची आधीची रेखाटने दाखवा” असे विचारले की, ती उघडकीस येतेच. ज्यांनी कोठे आधी नोकरी केली असेल, त्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. गुप्ततेचा करार असलेले आणि अजून प्रसिद्ध न झालेले काम परवानगीवाचून दाखवू नये. जुन्या मालकाचे गुपित फोडणारा नव्या मालकालाही नको असतो.

आठवी चूक, दारातच अडथळे उभे करणे. नमुने पाहण्यासाठी आधी मोठी फाइल उतरवून घ्या, मग ती सोडवा, मग पासवर्ड मागवा! इतके सोपस्कार करण्यास वेळ कोणाला आहे? दुवा उघडला की काम डोळ्यांपुढे यावे. ॲनिमेटरने आपल्या कामाची एक छोटी चित्रफीत करावी. ती मिनिटभराची पुरते. नाव फिरते आहे, ढोल वाजतो आहे, अशी प्रस्तावना नको. पहिल्या क्षणापासून काम सुरू व्हावे. नाव, गाव, फोन, ईमेल आणि कोणते काम हवे, हे पहिल्याच पानावर असावे. अर्ज धाडण्यापूर्वी दुसऱ्याच्या फोनवरून तो दुवा उघडून पाहावा. आपल्या यंत्रावर उघडतो म्हणजे सर्वत्र उघडतो, असे नसते.

नववी चूक पत्राची. एका कंपनीचे नाव तसेच ठेवून तेच पत्र दुसरीला पाठविणारे महाभाग असतात. कोणी दोन पाने जीवनकथा लिहितो. कोणी आरंभीच दिलगिरी मांडतो: “हे काम घाईत झाले, संगणक बिघडला होता.” अशी कारणे लिहू नयेत. काम कच्चे असेल, तर ते काढून टाकावे. पत्र पाच-सात ओळींचे पुरे: कोणत्या जागेसाठी अर्ज आहे, वहीतले कोणते काम त्या जागेशी जुळते, दुवा, आणि आपले नाव. इंग्रजी मोडकेतोडके असले तरी हरकत नाही. साधी, छोटी वाक्ये लिहावी आणि शाळेतल्या इंग्रजीच्या गुरुजींकडून एकदा वाचवून घ्यावी.

दहावी चूक पुढच्या पायरीची. नमुने आवडले की, पुष्कळ कंपन्या एक परीक्षाकाम देतात. अमुक वस्तू, इतक्या त्रिकोणांत, अमुक दिवसांत. उत्साहाच्या भरात मुलगा त्रिकोणांची मर्यादा ओलांडतो, न मागितलेल्या गोष्टी जोडतो आणि दोन दिवस उशिरा पाठवितो. या परीक्षेत हाताइतकाच कानही तपासतात. सांगितलेले ऐकले की नाही, ते पाहतात. सूचना दोनदा वाचाव्या आणि शंका असेल तर आरंभीच विचारावी.

येथेच पालकांना एक सावधगिरीची सूचना. नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून अनामत, नोंदणी फी किंवा ‘प्रशिक्षणाचे’ पैसे मागणारा माणूस दिसला, तर तो भामटा समजावा. खरी कंपनी पगार देते, पैसे मागत नाही. तसेच परीक्षेच्या नावाखाली कोणी महिनाभराचे काम फुकट मागू लागला, तर नम्रपणे नाही म्हणावे.

इतक्या सगळ्या चुका टाळल्या म्हणजे नोकरी ठेवलेलीच, असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हणणे फसवेपणाचे होईल. या धंद्यात तेजी-मंदी आहे. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगभर गेम कंपन्यांनी हजारो माणसे कमी केली. त्यामुळे अनुभवी माणसेही नवशिक्यांच्या रांगेत येऊन उभी राहिली. कधी जागा आधीच भरलेली असते, कधी कामच रद्द झालेले असते. उत्तर आले नाही याचा अर्थ एवढाच की, उत्तर आले नाही. त्यावरून मुलाची लायकी ठरवू नये. सहा महिन्यांनी, वहीत नवे आणि अधिक चांगले काम घालून, त्याच कंपनीला पुन्हा अर्ज करता येतो; त्यात कमीपणा नाही. आणि मध्यंतरी पोटापुरते दुसरे काम करावे लागले, तर तेही अपयश मानू नये.

शिक्षक मंडळींना आता दोन शब्द. आपल्या शाळांतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना मुले बसतात. पुष्कळ ठिकाणी त्यांकडे दहावीच्या वाढीव गुणांचे साधन म्हणूनच पाहिले जाते. पण त्यातले विषय आठवा: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. समोरची वस्तू नेमकी पाहणे, पाहिलेले मनातून उभे करणे, घनाकार समजणे, अक्षर नीट बसविणे. वर सांगितलेल्या साऱ्या धंद्याचा पाया हाच आहे आणि तो गावातच, कागद-पेन्सिलीवर घालता येतो. चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकताना एवढा विचार जरूर करावा.

आणखी एक गोष्ट गुरुजी करू शकतात आणि तिला पैसा लागत नाही. मुलगा आपली कामे घेऊन आला की, नुसते ‘छान’ म्हणून पाठ थोपटू नका. त्याची दहा चित्रे टेबलावर मांडा आणि म्हणा, “यातली पाच काढून टाक.” तो घुटमळेल. प्रत्येक चित्रामागे त्याची एक रात्र असते. पण कोणती ठेवावी आणि कोणती का काढावी, हे स्वतःच्या तोंडाने सांगता आले की, त्याची नजर तयार होऊ लागली असे समजा. मग उरलेल्या पाचांकडे बोट दाखवून पुढचा प्रश्न विचारा: “ही कोणाला दाखविणार आहेस आणि त्याला काय हवे आहे?” या प्रश्नाचे उत्तर तयार झाले की, मगच अर्ज पाठवायला सांगा.